देवबागचं पाणी: भरती-ओहोटी पाहून आखलेले तीन दिवस

मालवणहून तारकर्ली ओलांडून दक्षिणेकडे निघालं की रस्ता अरुंद होत जातो. थोड्या वेळाने लक्षात येतं की उजवीकडच्या माडांमागे समुद्र आहे आणि डावीकडच्या माडांमागे कर्ली नदी. दोन्हींच्या मधे जमिनीची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर घरं, विहिरी, देवळं, माडांच्या बागा. हे देवबाग. पट्टी जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगव्याचा किनारा दिसतो.

आम्ही इथे पहिल्यांदा आलो तेव्हा पाच राइड्सचं पॅकेज घेतलं होतं. सकाळी साडेअकराला बोटवाल्याने संगमाजवळ नेलं आणि समोर हात करून सांगितलं, हेच त्सुनामी आयलंड. समोर नुसतं पाणी. मुलं आळीपाळीने माझ्याकडे आणि त्या पाण्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी स्कूबाला उतरलो तर पाणी इतकं गढूळ की हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती. संध्याकाळी, जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून एका वाक्यात निकाल दिला, "काल पुनव होती, मगे बेट खंय दिसतलां?"

पुनवेला दुपारच्या सुमाराला भरती असते आणि हे वाळूचं बेट ओहोटीलाच उघडं पडतं. त्या वाक्यानंतर आमच्या देवबागच्या सगळ्या सहली कॅलेंडरपासून सुरू झाल्या. इथे दिवस पाणी ठरवतं. कोणती गोष्ट कधी करायची हे भरती, ओहोटी आणि वारा सांगतात. तेवढं ऐकलं तर त्याच पैशांत, त्याच बोटीतून, पूर्ण वेगळी जागा बघायला मिळते.

आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका

ऑक्टोबर ते मेचा मध्य हा इथला हंगाम. मेअखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलक्रीडा बंद असतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही. पावसाळ्यात कुणी "नेतो की" म्हणालं तरी जाऊ नका. ऑक्टोबरात पाणी अजून निवळत असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मी टाळतो, कारण त्या एकेरी रस्त्यावर तेव्हा गाड्यांची रांग लागते आणि बोटवाल्यांना प्रत्येक माणसाकडे नीट बघायला वेळ उरत नाही.

महिना ठरला की तिथी. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. प्रतिपदेपासून मोजलेल्या तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार म्हणजे पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी, सकाळी साडेनऊ-पावणेदहाला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार म्हणजे सव्वाअकरा. आमच्या पहिल्या सहलीत बेट का नव्हतं ते या हिशेबात आलंच.

हाच हिशेब उलटा वापरायचा. बेटाला सकाळची ओहोटी हवी, म्हणजे शुद्ध किंवा वद्य चतुर्थी ते अष्टमी या दिवसांत या. त्या दिवसांत ओहोटी सकाळी नऊ ते दुपारी बाराच्या मधे येते. यात एक बारकावा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढउतार कमी. म्हणून चतुर्थी-पंचमीला बेट जास्त उघडं पडतं, तर सप्तमी-अष्टमीला पाण्याची ओढ कमी असल्याने गाळ कमी ढवळला जातो आणि समुद्राखालचं चांगलं दिसतं. दोन्ही हवं असेल तर पंचमीला पोहोचा आणि सप्तमी-अष्टमीपर्यंत राहा. आमच्या घरात आता हीच पद्धत आहे.

पाऊणपटीचा हिशेब सुट्टी टाकण्यापुरता. प्रत्यक्ष जाताना भरती-ओहोटीच्या तक्त्यात मालवणची वेळ बघा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त उतरते, ते तक्त्यातच कळतं. आणि मुंबईचे आकडे इथे लावू नका. तिथला चढउतार इथल्यापेक्षा बराच मोठा असतो.

पोहोचणं आणि राहणं

कोकण रेल्वेने कुडाळ गाठा. तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. मालवणहून तारकर्ली सहा-सात किलोमीटर, देवबाग त्याच्या पुढे. विमानाने यायचं तर चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ जवळ आहे आणि गोव्याचं मोपाही फार लांब नाही. परतीच्या विमानाबद्दल मात्र शेवटी एक गोष्ट सांगायची आहे, ती वाचल्याशिवाय तिकीट काढू नका.

राहायला निवास-न्याहारीवालं घर निवडा. सकाळी पाणी कसं आहे, वारा कुठला आहे, आज कोण बोट काढतोय आणि कोण नाही, ही माहिती मोबाइलवर मिळत नाही. ती पडवीत बसून चहा पिताना मिळते. बुक करताना खोली नदीच्या बाजूला की समुद्राच्या बाजूला, तेही विचारा. मुलं लहान असतील तर मी नदीची बाजू घेतो.

बोटीत पाय ठेवण्यापूर्वी

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगामाचे शेवटचे दिवस होते. हे घाबरवायला सांगत नाही. पण किनाऱ्यावर उभं राहून पाच मिनिटं पाहणी करणं हा तुमचा हक्क आहे आणि चांगल्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, त्याचा राग येत नाही.

बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का आणि ती किती माणसांची आहे, ते विचारा. तुम्ही धरून किती जण बसणार ते मोजा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, आणि ते नुसतं बोटीत पडलंय की अंगावर घालायला लावतात? जॅकेट घातल्यावर खांद्यांना धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत सरकत असेल तर पाण्यात उपयोगाचं नाही, लहान मापाचं मागा. मुलांसाठी मुलांच्याच मापाचं हवं, मोठ्यांचं आवळून बांधलेलं चालणार नाही. आणि तांडेल "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका. पैसे देणारं गिऱ्हाईक तो परत पाठवतोय, म्हणजे त्याला पाण्यात काहीतरी दिसलंय.

दारू प्यायलेल्या माणसाला बोटीत घेऊ नका, मग तो तुमचा मेहुणा असला तरी.

समुद्राची कामं सकाळी

शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो, त्यांचा उपयोग इथे होतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी सपाट असतं. अकरा-बारानंतर जमीन तापली की खारा वारा सुरू होतो. विशेषतः फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येकडून तो चांगलाच जोर धरतो. म्हणून डॉल्फिन बघणं, स्नॉर्केलिंग, स्कूबा हे सगळं सकाळी अकराच्या आत.

डॉल्फिनसाठी उजाडताच निघा. इथे दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले, किनाऱ्याजवळ राहणारे डॉल्फिन. त्यांच्यामागे बोट पळवायला सांगू नका. इंजिन मंद ठेवून एका जागी थांबलं की ते स्वतःच जवळून जातात, आणि पाठलाग केला तर बुडी मारून दूर निघतात. त्याच फेरीत संगम, भोगव्याचा किनारा आणि निवतीचे खडक होतात. कोवळ्या उन्हात ते खडक खरोखर सोनेरी दिसतात.

आता स्कूबा. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण इथेच पहिल्यांदा पाण्याखाली जातात.

जागा म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. त्या बेटाभोवतीच्या खडकांवर आज प्रवाळ आहेत. १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा हा भाग, म्हणजे तुम्ही एका जंगलात उतरताय. नवशिक्याला पाच-सात मीटरपर्यंत नेतात, प्रशिक्षक सोबत असतो, पोहता येत नसलं तरी चालतं. पाण्याखाली साधारण पंधरा-वीस मिनिटं. वय किमान दहा. व्यवस्थित शिकायचं असेल तर तारकर्लीत एमटीडीसीची (महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची) स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. तिथे काही दिवसांचा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम होतो.

उतरण्यापूर्वी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: सर्दी आहे का? दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण? यातलं काहीही असेल तर उतरू नका. दम्यासारख्या गोष्टीत अपवाद करायचा तर डॉक्टरांचा शब्द घेऊनच या. आरोग्याचा फॉर्म देतात त्यावर डोळे झाकून "नाही, नाही, नाही" अशा खुणा करणारे लोक मी पाहिलेत. त्या फॉर्मवरचा प्रत्येक प्रश्न जिवावर बेतू शकणाऱ्या गोष्टीबद्दल आहे. सर्दीचं तर फार जण हसण्यावारी नेतात. नाक बंद असेल तर कानातला दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते.

सकाळी हलकं खा, एखादी आंबोळी आणि चहा, तेही दीड-दोन तास आधी.

पाण्याखाली तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो आणि फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. दहा मीटरवर भरलेला फुगा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होतो. फुप्फुसाचं तसं होऊ द्यायचं नसेल तर संथ श्वास चालू ठेवायचा. दुसरी, कान. खाली जायला लागल्याबरोबर, दुखायच्या आधी, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं आणि दर मीटरला ते परत करायचं. दाब सर्वांत जलद बदलतो तो पहिल्या काही मीटरांतच, म्हणून दुखणं तिथेच सुरू होतं. दुखलं तर जोर लावू नका, थोडं वर या आणि पुन्हा करा. तिसरी, खुणा. अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". आपण फोटोत दाखवतो तसा "मस्त" अशा अर्थी तो दाखवलात तर प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन जाईल आणि डाइव्ह संपेल. सगळं ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जोडून केलेलं वर्तुळ. काही अडचण असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि मग अडचण आहे त्या जागेकडे बोट दाखवायचं.

एका प्रशिक्षकामागे किती माणसं, हे आधी विचारा. पहिल्या वेळी एकास एकच हवा. व्हिडिओ कोण काढणार तेही विचारा, कारण तुम्हाला धरणाऱ्याच्याच हातात कॅमेरा असेल तर त्याचं अर्धं लक्ष तिकडे.

आणि अपेक्षा नीट ठेवा. हे अंदमान नाही. नद्या आणि खाड्या इथे गाळ आणतात, पाच-सहा मीटर स्वच्छ दिसलं तर तो चांगला दिवस. पण त्या हिरवट उजेडात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा चेहऱ्याजवळून जातो, खडकाच्या कपारीत गोबरा तोंड उघडझाप करत बसलेला असतो, आणि काल ताटात पाहिलेला मासा आज आपल्याकडे बघतोय ही जाणीव होते. मला हे फार आवडतं.

प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका. तो दगड दिसतो, पण जिवंत आहे आणि फार सावकाश वाढतो. माशांना पाव घालायला कुणी दिला तर नाही म्हणा.

स्नॉर्केलिंगला वेगळं काही लागत नाही. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. मिशी असेल तर थोडं पाणी झिरपणारच. काचेच्या आतून थुंकी चोळून खळबळली की धुकं धरत नाही.

किनाऱ्यावर परत आलात आणि अंगात जोर असेल तर मालवणच्या जेट्टीवरून होडीने किल्ला बघून या. समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी पाहिल्यावर त्या दुर्गरचनेबद्दल आदर वाटतोच.

बेट ओहोटीला

ही कर्लीच्या मुखाजवळची वाळूची दांडी. २००४ च्या त्सुनामीनंतर ती वर आली असं गावात सांगतात, म्हणून नाव त्सुनामी आयलंड. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. पाणी उतरत उतरत गुडघ्यावर येतं, पायाखालची वाळू उघडी पडत जाते. ते बघण्यातच खरी मजा आहे. बनाना राइड, बंपर, जेट स्की, पॅरासेलिंग हे याच भागात होतं. बनाना राइडमध्ये शेवटी पाण्यात पाडतात हे घरच्या आजी-आजोबांना आधीच सांगा आणि चष्मा काढून ठेवा. पॅरासेलिंगला वारा मंद आणि एकसारखा हवा. झोतांनी येणारा वारा असेल तर सोडून द्या.

पाणी चढायला लागलं की रेंगाळू नका. संगमाच्या टोकाशी पोहायला तर कधीच उतरू नका. ओहोटीला सगळी नदी त्या तोंडातून बाहेर पडत असते आणि ती ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जुमानत नाही.

दुपार नदीची

दुपारी समुद्रावर वारा असतो तेव्हा नदी शांत असते. जेवण आणि वामकुक्षी झाली की चारच्या पुढे कयाक काढा. भरती चढत असताना नदीच्या वरच्या अंगाला निघा, पाणीच तुम्हाला नेतं. ओहोटी लागली की तेच परत आणून सोडतं. हे उलटं केलं तर दंड भरून येतात आणि अंधार पडतो. पंचमीला भरती पावणेचारची, म्हणजे तेव्हा अडीचलाच निघा. सप्तमी-अष्टमीला ती सव्वापाच-सहाच्या सुमाराला येते, तेव्हा संध्याकाळ अगदी जुळून येते. अंधारापूर्वी मात्र किनाऱ्याला लागा.

कांदळवनाच्या कडेने जाताना बोलणं बंद करा. खंड्या दिसेल, समुद्री गरुड दिसेल. ओहोटीला गाळात बसून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, वेचणाऱ्या बायका दिसतील. त्यांचे फोटो काढण्यापूर्वी विचारा, त्या कामावर आहेत. खडकांवर किंवा मुळांवर अनवाणी पाय ठेवू नका. कालवांच्या धारा पाय सुरीसारखे कापतात.

नुसतं पोहायचं असेल तर

समुद्राच्या बाजूला किनारा काही ठिकाणी चटकन खोल होतो, तेव्हा जिथे गावची माणसं आंघोळ करतात तिथेच उतरा. उतरण्यापूर्वी पाच मिनिटं लाटा बघत बसा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत, थोडा काळसर आहे, तर लोकांना नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. तिथूनच लाटांनी आणलेलं पाणी आत परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहू नका, थकाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर या आणि मग लाटांबरोबर परता. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा. वाचवायला दुसऱ्याने मोकळ्या हातांनी उडी मारू नये. जॅकेट, रिकामा कॅन, दोर, जे तरंगेल ते फेका. ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन क्रमांक फोनमध्ये ठेवा.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) चाहूल लागून निघून जातं. जेलीफिशचा चटका बसला तर वाळूने चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

एखाद्या सकाळी पोहणं सोडून रापण बघा. अर्धं गाव दोराच्या दोन टोकांना लागतं आणि जाळं किनाऱ्यावर ओढून आणतं. रापणकरांनी हात लावायला सांगितलं तर जरूर लावा, आणि ओढता ओढता त्यांच्या तालात या.

परतीचा दिवस

आता विमानाची गोष्ट. स्कूबानंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एक डाइव्ह केली असेल तर किमान बारा तास आणि एकाहून जास्त केल्या असतील तर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा जगभरचा नियम आहे. म्हणून स्कूबा पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी करा, शेवटच्या दिवशी कधीच नको. आंबोलीचा घाट जवळजवळ सातशे मीटर उंच आहे. म्हणून कोल्हापूर-बेळगावकडे गाडीने जाणाऱ्यांनीही डाइव्ह उरकून लगेच घाटाला लागू नये.

शेवटच्या सकाळी आम्ही फक्त भोगव्याला जातो. होडी पलीकडे लावते, तांडेलाला परत यायची वेळ ओहोटी बघून सांगतो, आणि त्या लांबलचक किनाऱ्यावर चालतो. तिथून मागे वळून बघितलं की देवबाग म्हणजे पाण्यावर ठेवलेली माडांची एक बारीक हिरवी रेघ दिसते. दुपारी काकूंच्या हातची सोलकढी आणि बांगड्याचं तिकलं (माशाचं तिखट कालवण), मग कुडाळची गाडी. निघताना त्या पुढच्या वेळची तिथी विचारतात आणि कॅलेंडरवर पेनाने खूण करून ठेवतात.